दाते गेलेला विळा

वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना तापलेल्या लोखंडाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. पालघर जिल्हा नवा झाला त्या वर्षी कापणीच्या तोंडावर माझा धाकटा दीर माझा विळा बोर्डीला गवत कापायला घेऊन गेला. माहेरून आणलेला, करवतीसारखे बारीक दाते असलेला विळा. कापणी झाली की मी त्याला तेल लावून घराच्या कुडाच्या भिंतीत खोचून ठेवायचे. याने तो खाऱ्या हवेत उघड्यावर टाकला, गंजवला. मला सांगितलं असतं तर रॉकेल आणि विटेची पूड लावून मी हळूहळू घासला असता. या शहाण्याने आशागडला वेल्डिंगवाल्याकडे नेऊन घासायच्या मशीनवर धरला! "वहिनी, बघ, आरशासारखा केला." खरंच आरसा, एक दाता उरला नव्हता. आमच्या सायवनच्या शेतात दाणे गळायला लागलेले, आणि विळा ओढला की भात कापलं जायच्या ऐवजी मुळासकट हातात यायचं. मी विळा त्याच्या पुढ्यात आपटला. "घे, आता तूच काप आरशाने!" दिवाळीला त्याने नवा आणून दिला. तो अजून कुडात खोचलेला आहे. त्याला मी कधी तेल लावलं नाही. गंजू दे.