फळीवाल्यांची तात्पुरती यादी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, धुळ्यात, पांझरा नदीपलीकडच्या देवपुरात, पाण्याच्या टाकीपासून पिठाच्या गिरणीपर्यंतच्या उतारावर चाकाच्या फळीवर उभं राहून सर्वांत आधी कोण पोचलं, हे ठरवण्याचा संपूर्ण अधिकार एके काळी प्रस्तुत लेखकाच्या हाती होता. अधिकार कोणी दिला, असं कृपया विचारू नये. असले अधिकार कोणी देत नसतं, आपणच घ्यायचे असतात.

हां. आता आरामात बसा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेचा कनिष्ठ लिपिक होतो. माझ्याकडे ज्येष्ठता यादीचं काम. कोण कोणाच्या आधी नोकरीला लागलं, कोण कोणाच्या वर, कोण खाली, हे लावायचं. आधी तात्पुरती यादी काढायची, फलकावर डकवायची, तळाशी लिहायचं की हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. हरकती आल्या की यादी सुधारायची आणि मग अंतिम करायची. अंतिम यादीवर सही-शिक्का पडला की भांडण संपलं. निदान कागदावर तरी.

मी मूळचा जळगावचा, मेहरूणचा. आई आदल्या वर्षी गेली. वडील थोरल्या भावाकडे भडगावला राहायला गेले आणि मेहरूणच्या घराला कुलूप लागलं. आठवडा संपला की बाकीचे लिपिक पिशव्या घेऊन बसस्टँडकडे पळायचे. मी त्यांना हात करायचो, जणू मीच त्यांना निरोप द्यायला नेमलेला आहे. रविवारी सकाळी दोन शर्ट धुवायचो, नखं कापायचो, वर्तमानपत्र निविदासूचनांसकट वाचून काढायचो. मग घड्याळ बघायचो. साडेनऊ झालेले असायचे. मग पुन्हा नखं बघायचो.

माझी खोली घराच्या पुढच्या अंगाला होती. घरमालकीण अक्का मागच्या बाजूला राहायच्या. साठीच्या, ठणठणीत, मुलगी सासरी गेलेली. दिवेलागणीला त्या अंगणातून हटकून विचारायच्या, "काब्रं भाऊ, आज कोनी उनं नही का?"

"नाही अक्का, आज कोणी नाही आलं." जणू काल आले होते.

"मंग एकलाच जेवना का?"

"हो."

त्या आत जायच्या. नुसता भांड्यांचा आवाज यायचा.

तर एका रविवारी, पावणेदहाच्या सुमाराला, माझ्या ओट्यासमोर भांडण पेटलं. गल्लीतल्या पोरांनी कुठल्याशा मासिकात परदेशी मुलाचं चित्र पाहिलं होतं. चाकं लावलेल्या फळीवर उभा राहून तो उतारावरून सुसाट चाललेला. तोवर आमच्याकडे गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगांच्या गाड्या होत्या, पण त्यावर बसायचं असायचं. ते चित्र आलं आणि बसणं एका दिवसात बालिश ठरलं. खोक्याची फळी, खाली चार बेअरिंगं, वर पोरगं उभं. डांबरी रस्त्यावर त्या बेअरिंगांचा असा खडखडाट व्हायचा की गिरणी बंद आहे की चालू, हे कळायचं नाही. रस्ता अरुंद, म्हणून एका वेळी दोघंच सुटायचे. आणि जो जास्त मोठ्यानं ओरडेल तो पहिला.

त्या दिवशी दोघं सारखेच ओरडले.

"भाऊ, तुम्ही बघितलं ना? सांगा, कोण पहिलं?"

बारा वर्षांची मुलगी विचारत होती. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, त्यामुळे गल्लीतली सगळ्यांत गुळगुळीत बेअरिंगं तिच्याकडे. मी प्रामाणिकपणे सांगायला हवं होतं की मी नखं बघत होतो. पण माझ्या तोंडून कार्यालय बोललं. "असा तोंडी निकाल नसतो. आधी नियम ठरवावे लागतील. गुण द्यावे लागतील. तात्पुरती यादी लागेल. सात दिवसांत लेखी हरकत घ्यावी."

पोरांनी फळ्या खाली ठेवल्या. इतकं बावळट आणि इतकं भारदस्त काही त्यांनी एकाच दमात ऐकलं नव्हतं.

पहिली पद्धत साधी होती. प्रत्येकानं प्रत्येकाशी धावायचं, जिंकल्यास दोन गुण, सोबत सुटलेल्याच्या बरोबरीनं पोचल्यास एक. संध्याकाळी मी यादी ओट्याच्या खांबाला डकवली. मुलगी पहिली. अकरावा, म्हणजे शेवटचा, एक चष्मेवाला. त्याची फळी धावण्यापेक्षा वळण्यात तरबेज होती.

सोमवारी दिवेलागणीला दाराची कडी वाजली. त्या दारात मी आलो तेव्हापासून दूधवाल्याशिवाय कोणी कडी वाजवली नव्हती. दारात चष्मेवाला, हातात कागद. हरकत अशी की रस्त्याच्या डाव्या बाजूला नळासाठी खणलेला चर आहे, तिथं फळी अडकते आणि त्याला दोनदा डावी बाजू मिळाली. हरकत रास्त होती. मी त्याला आत बसवलं, शेंगदाणे-गूळ दिला, नकाशा काढला. तो पाऊण तास बसला. जाताना म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडे पंखा एकट्यापुरताच फिरतो काय?"

टेबलपंखा खरंच मान न हलवता एकाच बाजूला वारा घालायचा. तो मी मंगळवारी दुरुस्त करून घेतला.

नवा नियम आला की प्रत्येक जोडीनं बाजू बदलून दोनदा धावायचं. मग त्यांच्यातल्या जाड्यावर हरकत आली की वजन जास्त म्हणून तो उतारावर आपोआप पळतो. मी सगळ्यांना गिरणीत नेलं आणि गव्हाच्या काट्यावर उभं केलं. गिरणीवाला म्हणाला, "दळायचं काय काय शे?" वजनाप्रमाणे दोन गट झाले. मग कोणी मामाच्या गावी गेला आणि त्याचे दोन रविवार बुडाले. तेव्हा मी ठरवलं की स्पर्धा आठ रविवारांची आणि त्यांतले प्रत्येकाचे उत्तम सहाच धरायचे. मग माझं मलाच उमगलं की शेवटच्याला हरवणं आणि पहिलीला हरवणं याला सारखेच गुण देणं हा शुद्ध अन्याय आहे. सबब, समोरचा यादीत जितका वर, तितके त्याला हरवल्याचे गुण जास्त. हे सुचलं तेव्हा मी खोलीत एकटा होतो आणि मोठ्यानं "वा!" म्हणालो. सांगायला दुसरं कोणी नसल्यानं भिंतीला पुन्हा एकदा समजावून सांगितलं.

आता एक कबुली देतो. इतकी वर्षं झाली, आता कोण चौकशी लावणार?

चौथ्या-पाचव्या यादीपर्यंत माझी पद्धत जवळजवळ निर्दोष झाली होती. त्या सोमवारी कडी वाजली नाही. मंगळवारीही नाही. अंगणातून अक्कांनी विचारलं, "आज कोनी उनं नही का?" आणि माझ्या लक्षात आलं की यादी बिनचूक झाली, म्हणून हरकत नाही. हरकत नाही म्हणून माणूस नाही.

पुढच्या यादीत मी मुद्दाम एक खोट ठेवली. उजव्या बाजूनं आधी धावणाऱ्याला अर्धा गुण जास्त मिळेल, अशी बारीकशी. बुधवारी हरकत आली! त्यानंतर प्रत्येक यादीत एक खोट मी काळजीपूर्वक पेरू लागलो. एक काढायची, दुसरी ठेवायची. ज्या माणसानं कार्यालयात एका दिवसाची चूक होऊ दिली नव्हती, तो घरी बसून चुका घडवत होता आणि शेंगदाणे भाजत होता.

गंमत म्हणजे पोरांना मी पेरलेली खोट कधी सापडलीच नाही. त्यांच्या हरकती वेगळ्याच असायच्या. 'संध्याकाळचे ऊन चष्म्यावर येते, बिनचष्मेवाल्यांस येत नाही, सबब विचार व्हावा.' 'गिरणीजवळचे कुत्रे फक्त माझ्यावर भुंकते.' 'पायात चप्पल असणारास भीती कमी वाटते.' मी प्रत्येकीवर गंभीरपणे टिपणी लिहायचो. कुत्र्याची तर प्रत्यक्ष पाहणी केली. ते माझ्यावरही भुंकलं, तसं नोंदवलं.

आस्थापना शाखेत काम करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. एक, हरकती नेहमी शेवटच्या दिवशी पावणेपाच वाजता झुंडीनं येतात. इथं रोज एक यायची, दिवेलागणीला, आणि दोन पोरं कधी एकाच दिवशी आली नाहीत. दुसरी, सगळ्या हरकती जुन्या कॅलेंडरच्या कापलेल्या पानांच्या पाठीवर असायच्या. तसलं कॅलेंडर अक्कांच्या स्वयंपाकघरात होतं. मी मनात म्हणालो, पोरं शिस्तीची आहेत, काटकसरी आहेत. पुढं विचार करायची मला इच्छा नव्हती. इच्छा नसली की लिपिकाला काही दिसत नाही.

आठ रविवार केव्हाच उलटून गेले. मी नऊ केले, दहा केले, बारा केले. यादी तात्पुरतीच.

मग एका शनिवारी मुलगी आली. हातात कागद नव्हता.

"भाऊ, आमची बदली झाली. जळगावला. उद्या टेम्पो येतोय."

"जळगावला कुठं?"

"मेहरूणला."

मी पंख्याकडे बघितलं. आता तो छान मान फिरवत होता.

"यादी अंतिम करा ना," ती म्हणाली. "सही पाहिजे. शिक्कापण."

"अजून एक हरकत निकाली निघायची आहे. तुझा कागद मी पोस्टानं..."

"पोस्टानं नको. तिथं मी कोणाला ओळखत नाही. तिथली पोरं म्हणतील, तू मुलगी, तू बस ओट्यावर. कागद असला ना, तर पहिल्याच दिवशी दाखवते. मग घेतील." थोडं थांबून म्हणाली, "नाहीतर कोण घेतं, भाऊ, नव्या माणसाला?"

हे ती मला विचारत होती. मेहरूणचा तो तलाव, त्याच्या काठची पोरं, अनोळखी मुलाला ती कशी गोल करून बघतात, हे मला पाठ होतं. त्या गोलात मीही उभा राहिलेलो होतो, बघणाऱ्यांच्या बाजूला.

ती गेल्यावर मी वीज गेल्यावर लागणाऱ्या कंदिलाची काच पुसली, आठ दिवसांपूर्वीच पुसलेली. मग बसलो आणि पेरलेली शेवटची खोट काढून टाकली. यादी स्वच्छ उतरवून काढली. अकरा नावं, दोन गट, उत्तम सहा रविवार, बाजू बदलून, समोरच्याच्या स्थानाप्रमाणे गुण. कोणीही कशीही तपासली असती तरी मुलगी पहिलीच आली असती. खरं तर ती आठव्या रविवारीच पहिली आलेली होती. एका मुलीचा पहिला नंबर मी चार आठवडे शेंगदाण्यांखाली दाबून ठेवला होता. कार्यालयाचा शिक्का वापरणं शक्य नव्हतं, म्हणून बटाटा कापून त्यावर फळी आणि चार चाकं कोरली आणि तो जांभळ्या शाईत बुडवून पाहिला. वर 'तात्पुरती' लिहायची सवय इतकी की हात 'ता'वर जाऊन थांबला. तो कागद फाडून दुसरा घेतला.

रविवारी सकाळी टाकीजवळ टेम्पो भरून उभा होता. पलंग, स्टोव्ह, बादल्या आणि सगळ्यांत वर दोरीनं बांधलेली फळी. बाकीची दहाच्या दहा पोरं आली होती, अक्काही पदर खोचून आलेल्या. मी टाकीच्या पायरीवर चढलो, घसा खाकरला आणि वाचलं, "अंतिम यादी." जाड्यानं शिट्टी मारली. मी अकराही नावं वाचली. शेवटी सवयीनं विचारलं, "कोणाची हरकत?"

मी चष्मेवाल्याकडे बघितलं. कधी नव्हे ते त्याच्याकडेही काही नव्हतं. अक्का दुसरीकडे बघत होत्या.

मी सही केली, बटाट्याचा शिक्का मारला, कागद मुलीला दिला. तिनं तो फुंकर घालून वाळवला, घडी न करता शाळेच्या दप्तरात सरळ ठेवला आणि टेम्पोत चढली.

"मेहरूणच्या तलावाकडे एक उतार आहे," मी खालून ओरडलो. "शाळेमागे. आमच्या वेळी कोणी तिथून फळीवर गेलेलं नाही."

"मग मीच पहिली!" ती ओरडली. टेम्पो गिरणीपाशी वळला. कुत्रं भुंकलं.

आम्ही तिथंच उभे होतो. मी पायरीवरच. खाली उतरायचं कारण सुचत नव्हतं. पोरं फळ्या काखेत मारून चुळबुळ करत होती. तेवढ्यात चष्मेवाल्यानं दोन्ही हात वर केले आणि अक्का "गप रे!" म्हणत त्याचं तोंड दाबायला धावेपर्यंत तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला,

"सुटलो रे बठ्ठे, सगळे सुटलो! आता अक्का रोज एकेकाला खोटी हरकत लिहून भाऊंकडे बसायला धाडणार नाही!"