आठ कॅमेरे आणि एक पट्टा

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वाशीमजवळच्या एका सोयाबीन प्लांटमध्ये माल वाहणारा पट्टा मुद्दाम बंद पाडणारा आरोपी सापडला होता. मशीन तपासायला बोलावलेला इंजिनियर म्हणून फक्त माझी सही बाकी होती.

आरोपी रफिक, पट्ट्याचा ऑपरेटर. उजवा हात बँडेजमध्ये. दोन बोटं गेलेली.

"सायेब, मशीन ठीक आहे एवढं लिहून द्या," प्लांटचे मालक, शेठ म्हणाले. म्हणजे नोकरी जाणार, आणि अपघातही रफिकच्याच माथी.

"पट्टा कधीपासून थांबतो?"

"क्यामेरे लावले तवापासून. त्याच्यानंच तं याची कामचोरी उघडी पडली."

"कॅमेऱ्यात बंद करताना दिसला?"

"नाई. लय चालाख आहे."

रफिक हळूच म्हणाला, "आपोआप थांबते जी. माल तुंबला म्हणून हात घातला, तं आपोआपच चालू झालं."

मी लॅपटॉप जोडला. कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक, पट्ट्याच्या मोटरला दर काही मिलिसेकंदांनी एक फ्रेम पाठवतो. फ्रेम म्हणजे ठरलेल्या साच्यातलं पाकीट. आधी कोणाला, मग कोणाकडून, मग 'मला आधी सोडा' अशी तातडीची खूण, मग आत काय प्रकारचा माल, मग प्रत्यक्ष हुकूम, शेवटी तपासणीचा आकडा. लागोपाठ काही फ्रेम आल्या नाहीत की मोटर थांबते. हे शहाणपणाचं. पण इथे फ्रेम परत आल्या की ती स्वतःहून पुन्हा चालू होईल अशी सेटिंग कोणीतरी करून ठेवली होती.

पॅनेल उघडलं. आत बाजारातला स्वस्त नेटवर्क स्विच, म्हणजे आलेल्या फ्रेम ज्याच्या त्याला पोचवणारी डबी. तातडीची खूण त्याला वाचताच येत नव्हती. त्यातच आठ कॅमेऱ्यांच्या वायरी खोचलेल्या. चित्रांच्या गलेलठ्ठ फ्रेम पुढे, मोटरची किडकिडीत फ्रेम मागे ताटकळत.

"इथं कोणी जोडल्या?"

"मीच," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "भोकं रिकामीच व्हती नं."

कॅमेरे काढले. पट्टा दिवसभर चालला. पुन्हा जोडले. चहा यायच्या आत थांबला. मग खटकन स्वतःच सुटला. रफिकने हात पाठीमागे घेतला.

मी लिहून दिलं : दोष मशीनच्या जोडणीत. बटण दाबल्याशिवाय पट्टा सुटणार नाही अशी सेटिंग केली. वेगळा स्विच येईपर्यंत कॅमेरे बंद. रफिकची नोकरी वाचली. बोटं वाचवायला मी उशिरा पोचलो होतो.

धडा कोरडाच आहे. मशीनचा हुकूम आणि मालकाचा संशय एकाच वायरीतून पाठवू नये.

शेठनी रिपोर्ट दोनदा वाचला. रफिककडे पाहिलं, बंद कॅमेऱ्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "मंग आता याच्यावर नजर कोण ठेवीन?"