दुसऱ्या वायरीवरची चिंधी

आधीच सांगून टाकते, आमच्या घरी लिंबू-मिरची फक्त पोह्यांसाठी येते, दाराला टांगायला नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्याला दूध हवंय का ते बघते. असे अनुभव कुणी सांगायला लागलं की सगळ्यात आधी मीच हसायची. तेव्हा आता तुम्ही हसलात तर हक्कानं हसा... मी फक्त घडलं तसं सांगते.

आमचं घर इंदूरला, सुदामा नगरमध्ये. शहरातल्या मिल एकेक करून बंद पडल्या होत्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. माझे सासरे – अण्णा – मिलच्या लूम खात्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू करून देणारे. मिल बंद झाली आणि थोड्याच वर्षांत अण्णाही गेले. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा श्रीकांत, आम्ही डेटा एन्ट्रीचं ऑफिस थाटलं. पुढच्या खोलीत सहा कॉम्प्युटर. मागची खोली अण्णांची, ती तशीच ठेवली होती.

अण्णांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जवानीत एकदा ते बंद माग उघडून आत हात घालून बसले होते आणि पलीकडून कुणीतरी न बघता माग सुरू केला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून यंत्राला हात लावण्याआधी ते त्याच्या दांडीला मिलच्याच कापडाची, लाल काठाची चिंधी बांधायचे. चिंधी दिसली की समजायचं, हे बंद आहे, बंदच ठेवायचं. आणि नियम असा, की ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना.

मिलमध्ये ठीक होतं हो, पण अण्णांनी हा कायदा घरातही लागू केला! मिक्सरला चिंधी, गॅसच्या नळीला चिंधी. एकदा न्हाणीघराच्या नळाला चिंधी बांधून गृहस्थ लग्नाला देवासला निघून गेले. ते परत येईपर्यंत अख्खं घर शेजाऱ्यांकडून बादल्या आणत होतं, पण नळाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. डावा हात अधू, म्हणून चिंधीचं एक टोक दातात धरून उजव्या हातानं गाठ मारायचे. माझी सासू चिडवायची, "पूरे घर को बांध के रख दिया है तुमने!"

तर भोपाळच्या एका पार्टीनं आम्हाला मोठं काम देऊ केलं. अट एकच – दहा कॉम्प्युटर एकाच वेळी जोडून चालले पाहिजेत, आणि सोमवारी सकाळी त्यांचा माणूस येऊन स्वतः बघणार. म्हणजे अण्णांच्या खोलीत आणखी चार कॉम्प्युटर. त्या चार खुर्च्यांवर बसणाऱ्या बायका ठरल्या होत्या, चारही मिलवाल्यांच्या घरच्या. त्यातली शोभा आमच्याच गल्लीतली. तिचा नवरा अण्णांच्या हाताखाली होता, मिल बंद झाल्यापासून जे मिळेल ते करत होता. शोभानं टायपिंग शिकून घेतलं होतं आणि शिलाईचं काम सोडूनही दिलं होतं. सोमवारी दहा कॉम्प्युटर चालले नाहीत तर तिची ती खुर्ची गेलीच म्हणायची.

पुढच्या खोलीतल्या हबला – ज्या डब्यात सगळ्या वायरी येतात त्याला – आठ जागा होत्या. सहा भरलेल्या, दोन रिकाम्या. श्रीकांत एक नवा स्विच घेऊन आला, म्हणजे तसाच आणखी एक डबा. तो आम्ही अण्णांच्या खोलीत, जिथे त्यांचा रेडिओ असायचा त्या फळीवर ठेवला. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन काम सुरू केलं. भिंतीतून वायर नेऊन हब आणि स्विच जोडले. मग श्रीकांतनं दुसरी वायर काढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"अगं, दोन जागा खाली आहेत ना? एक टूटा तो दूसरा है. अण्णा काय म्हणायचे? एका दोऱ्यावर भरवसा नको."

मिलवाल्याचा मुलगा! मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. दोन्ही डबे दोन वायरींनी जोडले आणि बटण दाबलं. सगळे दिवे एकदम लखलख करायला लागले. शोभा पूजेसाठी नारळ घेऊन आली होती. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "अरे वा भाभी, एकदम दिवाळी!"

दिवाळी कसली, दिवाळं म्हणा. एकही कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलेना. नवे नाहीतच, जुने सहासुद्धा ठप्प. नवा डबा काढला की जुने चालायचे, जोडला की परत सगळं बंद. वायरी बदलल्या, डबा उलटासुलटा करून पाहिला, शिव्या घातल्या. आमचे कॉम्प्युटरवाले रईस भिया रतलामला लग्नात होते आणि फोन लागत नव्हता. रविवार, दुकानं बंद. श्रीकांत म्हणाला, "डबाच खराब आहे यार. उद्या पार्टीला हात जोडू, और क्या."

शोभानं नारळ परत पिशवीत ठेवला. मला इतकं वाईट वाटलं की सगळं तसंच जोडलेलं, चालू सोडून, जिन्याच्या दाराला कुलूप घालून, किल्ली कमरेला खोचून मी खाली आले ती रडवेली होऊनच.

खाली सासूबाईंनी पानं वाढली होती. आम्ही चौघं – त्या, मी, श्रीकांत आणि शोभा – जिन्याच्या पायथ्याशीच जेवायला बसलो. वर जायला दुसरा रस्ता नाही. आमच्यातलं कुणी उठलं नाही, कुणी आलं-गेलं नाही. मे महिन्यातली दुपार, बाहेर चिटपाखरू नव्हतं.

जेवून मी कुलूप उघडून वर गेले, निदान डबा तरी परत खोक्यात भरावा म्हणून. शोभा मागोमाग.

फळीवरच्या स्विचला लागलेल्या दुसऱ्या वायरीला, अगदी तोंडाशी, चिंधी बांधलेली होती. लाल काठाची.

मी दारातच उभी राहिले. शोभा पुढे वाकून म्हणाली, "भाभी... ही तर मिलची आहे. आमच्या ह्यांच्याकडे पण होती अशी." आमच्याकडच्या चिंध्या अण्णांच्या हयातीतच संपल्या होत्या. मिललाच कुलूप लागल्यावर नव्या येणार कुठून?

श्रीकांत वर आला. त्यानं पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू बांधलीस?"

"मी तुमच्या शेजारी बसून भात कालवत होते!"

कुणीच पुढे होईना. शेवटी मीच म्हणाले, "या घरात चिंधी बांधलेली वस्तू बंद ठेवतात. काढते मी ही वायर." श्रीकांत नको-नको म्हणत होता. गाठीला हात न लावता मी वायर ओढून काढली.

दिवे शांत झाले. मग एकेक करून, हळूहळू मिचकायला लागले. शोभा नव्या खुर्चीवर जाऊन बसली, तिनं एक फाइल उघडली... उघडली! दहाच्या दहा चालले. आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो, मग त्याच नारळाचं खोबरं खाल्लं. सोमवारी काम मिळालं. पुढे कित्येक वर्षं शोभा त्याच खुर्चीवर बसली.

नंतर रईस भियांनी डोकं धरलं. "दो तार लगा दिए? भाभी, चक्कर बन गया. वही की वही बात गोल-गोल घूमती रही, बाकी सब जाम." म्हणजे बिघाड काय होता ते कळलं. चिंधी दाखवली तेव्हा मात्र ते नुसतंच "कमाल है" म्हणाले.

सासूबाईंचे गुडघे दुखायचे, जिना चढवत नसे. त्या रविवारी मात्र, कॉम्प्युटर चालू झाल्याबरोबर, आम्हा दोघींचा हात धरून त्या वर आल्या होत्या. गाठीवरून बोट फिरवलं. चिंधीचं एक टोक चुरगळलेलं होतं, त्यावर दातांच्या खुणा. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं. ओलं होतं ते. इंदूरच्या मे महिन्यात, जिथे वाळत घातलेली साडी बघता-बघता कडक होते.

त्या फळीकडे बघून घरातल्या माणसावर रागवावं तशा रागवल्या. "आलाच होतात तर जेवून तरी जायचं. आमटी तुमच्याच आवडीची होती."

आज सासूबाई नाहीत. ऑफिसही मोठ्या जागेत गेलं, तो हब, तो स्विच केव्हाच भंगारात गेले. मला भीती तेव्हाही वाटली नाही. बरंच वाटलं, घरातलं मोठं माणूस लक्ष ठेवून आहे असं.

ती वायर अजून अण्णांच्या फळीवर आहे. साफसफाई करताना मी तिच्यावरची धूळ पुसते, पण चिंधी आजवर कुणी सोडलेली नाही. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची ना... म्हणजे एकदा यायचं बाकी आहे त्यांचं. त्या वेळी जेवायला थांबवून घेईन मी.