शांघायमध्ये धरलेली डावी बाजू

आज इथे आइंडहोवनमध्ये पुण्याहून नुकतीच आलेली, तोंडओळखीची एक मुलगी चुकीच्या बाजूने सायकल चालवत माझ्यासमोर आली. मी करकचून ब्रेक दाबला. ओल्या रबराचा वास आला आणि मला सात वर्षांपूर्वीचं शांघाय आठवलं.

कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्ही काही जण सरांबरोबर तिथे गेलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. सरांनी बाबांना मला सुखरूप परत आणायचा शब्द दिला, तेव्हा कुठे मला पाठवलं. शेवटच्या दिवशी गाईडबाई सायकलवरून शहर दाखवत होत्या. तिथेही इथल्यासारखंच उजवीकडून चालवतात. एका चौकात वर ढगात शिरलेले काचेचे मनोरे बघता बघता मी गावच्या सवयीने डावी बाजू धरली. समोरून शेकडो सायकली, स्कूटर येत होत्या.

"अगं, उजवीकडे! तुझ्या बाबांना काय सांगू मी?" सर ओरडले.

गाईडबाई शांतपणे म्हणाल्या, "थांब. हलू नकोस. ते वाट काढतील."

मी थिजून उभी राहिले. तो सगळा लोंढा माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. कुणाचा साधा धक्काही लागला नाही.

तेव्हा वाटलं होतं, एवढं मोठं शहर आपोआपच चालतं. आता वाटतं, बहुतेक त्यातल्या प्रत्येकाने माझ्यासाठी थोडा ब्रेक दाबला असेल.

"सॉरी हं ताई," ती मुलगी घाबरून सायकल वळवू लागली.

"थांब," मी म्हटलं. "हलू नकोस. माझ्या मागचे जाऊ देत."