सोलर कुकरातलं मिथेन

लॅबमध्ये आम्ही जमवत होतो प्रोटीन, साठले मात्र किस्से. प्रोटीन दर वेळी थोडं कमीच पडायचं. किस्से कधी कमी पडले नाहीत.

आमची लॅब वर्ध्याहून सावंगीकडे जाताना लागणाऱ्या एका कॉलेजात होती. माणसं तीन. कुंदा मॅडम, रिटायरमेंटला आलेल्या. प्रशिक, त्यांच्याकडे पीएच.डी. करणारा. आणि मी, प्रोजेक्ट असिस्टंट. सातपुड्यातल्या एका गरम झऱ्याच्या गाळातून आम्ही आर्किया आणले होते. दिसायला हे जीवाणूंसारखेच, पण घराणं पार वेगळं. हवा लागली की यांचं काम बंद. उष्णता मात्र आपल्याला चटका बसेल एवढी हवी. हे जीव मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला गॅस, तयार करतात, आणि त्यातली शेवटची पायरी एक एन्झाइम, म्हणजे एक प्रोटीनच, पार पाडतं. ते एन्झाइम आतून कसं आहे, कुठला अणू कुठं बसलाय, एवढंच आम्हाला पाहायचं होतं.

मॅडम रिटायर झाल्या की खोली परीक्षा विभागाला जाणार, हे ठरलेलं होतं. जे दिसायचं ते त्याआधी दिसायला हवं होतं.

माझे बाबा तळेगावात भाजीपाला पिकवतात. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "पोरगी गोबरगॅसवर डॉक्टर होऊन राह्यली." त्यामुळे मी गावी गेले की लोक आजारी गाई दाखवायला आणायचे. एका गाईला बरं वाटलं, तेव्हापासून मी नकार देणंही सोडलं.

*

आर्कियांच्या बाटलीत उरलासुरला ऑक्सिजन संपवायला एक रसायन घालावं लागतं. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. लॅबच्या खालीच कॉलेजचं कॅन्टीन. तिथं बंडूभाऊंची अंडाभुर्जी फेमस होती. हळूहळू मुलांनी ती खाणं बंद केलं. बंडूभाऊंनी अंडी देणारा बदलला, मग तेल बदललं, शेवटी एक दिवस अख्खा ट्रे उकिरड्यावर नेऊन टाकला.

हे कळल्यावर मॅडम स्वतः खाली गेल्या. वास आमचा आहे, तुमच्या अंड्यांचा नाही, असं त्यांनी सगळ्या मुलांसमोर सांगितलं आणि माफी मागितली. बंडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मॅडम, मी तं अंडे बदलवले. तुम्ही काय बदलवता?"

आम्ही एक्झॉस्टचा पाइप बदलून गच्चीपर्यंत नेला.

*

मे महिन्यात इन्क्युबेटर बंद पडला. दुरुस्त करणारा नागपूरहून यायचा होता आणि येत नव्हता. प्रशिक म्हणाला, वर्ध्याच्या उन्हाळ्यात इन्क्युबेटर कशाला पाहिजे? बाहेर माणसं रुमाल बांधून फिरत होती, रस्ते ओस पडले होते. त्यानं सगळ्या बाटल्या व्हरांड्यात मांडल्या. दोन दिवसांनी तपासलं, तर मिथेनचा पत्ता नाही.

"यायले थंडी वाजून राह्यली," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी बाटल्या पिशवीत भरल्या आणि रिक्षा करून घरी नेल्या. घरच्या गच्चीवर सोलर कुकर होता. त्यात बाटल्या ठेवून, झाकण कमी-जास्त उघडत, थर्मामीटर बघत त्या सुट्टीचे दोन दिवस तिथंच बसल्या. डोक्यावर ओला पंचा. आर्किया खूश झाले. जगले, वाढले, गॅस सोडू लागले.

मॅडमचे यजमान वसंतराव रिटायर्ड मास्तर. जेवायच्या वेळी ते गच्चीवर गेले आणि सवयीनं कुकरात डोकावले. "आज वरण नाई का?" त्यांनी विचारलं.

"आज मिथेन आहे," मॅडम म्हणाल्या.

वसंतराव खाली आले आणि त्यांनी पोळी लोणच्याशी खाल्ली.

*

या एन्झाइमच्या पोटात निकेल असतं. कामाला तयार असलं की ते हिरवं दिसतं, आणि हवा लागली की पिवळं पडतं. म्हणून सगळं काम एका बंद पेटीत चालायचं. पेटीला बाहेरून रबरी हातमोजे जोडलेले. त्यात हात घालून आतली कामं करायची.

प्रशिकचा साखरपुडा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पेटीत हात घालून बसला. नव्या अंगठीनं हातमोज्याला बारीक भोक पाडलं. आमच्या डोळ्यांदेखत हिरवं पाणी पिवळं झालं. कित्येक आठवड्यांची मेहनत. प्रशिकनं अंगठी काढून खिशात टाकली आणि पुन्हा कधी लॅबमध्ये घातली नाही.

त्याची होणारी बायको सुजाता सावंगीच्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या आत्यानं बाजारात त्याचं रिकामं बोट पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं. सुजाता ड्युटी संपवून थेट लॅबवर आली. प्रशिकशी न बोलता मॅडमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्याईले लग्न नसंल करायचं तं सांगून द्या."

मॅडमनं तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं. झालं होतं असं, की ते बिघडलेलं पिवळं पाणी प्रशिकच्यानं फेकवलं नव्हतं. त्यानं त्यालाच क्रिस्टल धरायला ठेवलं होतं. एन्झाइमची रचना बघायची तर आधी त्याचे क्रिस्टल लागतात, आणि आम्हाला तोवर एकही मिळाला नव्हता. त्या पाण्यात मात्र धरले होते. बारीक, धारदार, पिवळेजर्द. अंगठीची सगळी हकिगत मॅडमनं तिला सांगितली.

सुजाता बराच वेळ डोळा लावून बघत राहिली. मग प्रशिककडे वळून म्हणाली, "म्हंजे हळद पहिले इथंच लागली."

*

हे क्रिस्टल परराज्यातल्या एका मोठ्या मशीनवर न्यायचे होते. तिथं त्यांच्यावर एक्स-रे सोडतात, आणि त्यावरून आतला नकाशा काढता येतो. द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये क्रिस्टल गोठवून आम्ही जीपनं निघालो. पुलगावजवळ पोलिसांनी गाडी अडवली. दारूगोळ्याचा डेपो जवळ, आणि आमच्या कॅनमधून पांढरी वाफ निघत होती.

हवालदारानं आम्हाला खाली उतरवलं. आत क्रिस्टल आहेत म्हटल्यावर त्याला हिरे वाटले. मग डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे छोटे आहेत हे ऐकून त्याचा संशय वाढला. मॅडमनं त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून सगळं समजावलं. झरा, मिथेन, निकेल, एक्स-रे. एक्स-रे लागला की क्रिस्टल खराब होतात, हेही सांगितलं.

हवालदार विचारात पडला. "इतके जपून नेता, अन् तिथं नेऊन जाळता?"

"आत काय आहे ते पाहाले," मॅडम म्हणाल्या.

त्यानं बॅरिकेड बाजूला केलं. तीन दिवसांनी परतताना तोच ड्युटीवर होता. या वेळी त्यानं कॅनकडे पाहिलंही नाही. खिडकीशी येऊन विचारलं, "मंग, दिसलं काय?"

*

दिसलं ते मॅडमच्या निरोप समारंभाच्या दिवशी. प्रशिक सकाळपासून कॉम्प्युटरवर होता. नकाशा स्क्रीनवर आला. एन्झाइमचे दोन सारखे अर्धे भाग, एकमेकांत गुंतलेले. प्रत्येकात एक अरुंद, खोल बोगदा, आणि बोगद्याच्या तळाशी निकेल. पुस्तकात वाचलं होतं तसंच. फक्त एका बोगद्यात मध्येच काहीतरी बसलेलं होतं. आम्ही न घातलेलं.

सभागृहात मॅडमचा सत्कार झाला होता, भाषणं चालू होती. प्रशिकनं मला पाठवलं. मी त्यांच्या कानात सांगितलं आणि त्या शाल-श्रीफळासकट उठून आल्या. स्क्रीनसमोर बसल्या त्या बसल्याच. बोगदा फिरवून फिरवून बघत राहिल्या.

त्यांना बोलवायला विभागप्रमुख आले. मॅडमनं त्यांना ती जागा दाखवली. ते स्टूल ओढून बसले. त्यांना शोधत बॉटनीच्या दोघी आल्या. त्या पाण्याचा रेणू असेल म्हणाल्या, मग एवढा मोठा नसतो म्हणाल्या, आणि वाद घालत उभ्या राहिल्या. मग सुजाता आली. मग हातात उलथनं तसंच घेऊन बंडूभाऊ. शेवटी प्राचार्य स्वतः आले, दारातून रागानं काही बोलणार होते, पण प्रशिकनं त्यांना जागा करून दिली.

वसंतराव हार घेऊन सभागृहात एकटेच उरले होते. तेही आले. गर्दीतून वाट काढत बायकोच्या खुर्चीमागे उभे राहिले. बराच वेळ स्क्रीन बघितली.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाई," मॅडम म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता.

वसंतरावांनी हार टेबलावर ठेवला, दारापाशी गेले आणि व्हरांड्यातल्या शिपायाला म्हणाले, "खुर्च्या इकडंच आणजो."