रतनबाईचा दगड

रतनबाईनं दगड काढला की उंबरवाडीतला बाजारचा दिवस सुरू व्हायचा.

दगड चाकाखालचा. चिमाजीची पिकअप रातभर सोनबाच्या पडीक वावराच्या उतारावर उभी असायची आणि पुढच्या चाकाला तो काळा, पाट्याएवढा दगड लावलेला असायचा. गाडीचा सेल्फ मेलेला आणि हँडब्रेकची केबल तुटलेली. चावी फिरवून ती चालू होत नव्हती आणि दगडावाचून उभी राहत नव्हती. नसरापूरच्या बाजाराला जाणारे सगळे आपापल्या पाट्या घेऊन आधीच हौद्यात चढून बसत. चिमाजी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच दाबायचा आणि खिडकीतनं हात हलवायचा. रतनबाई दगड ओढून चट बाजूला व्हायची. गाडी गडगडत निघायची, खालच्या चिंचेपाशी एक आचका द्यायची, काळा धूर ओकायची आणि धडधडत वळणाआड जायची. मग ती नसरापूरच्या उतारापर्यंत कुठंच थांबत नसे. वाटेत इंजिन बंद पडलं तर भर रस्त्यात उतार कुठनं आणायचा?

मागं राहायची ती एकटी रतनबाई. तिची वांगी बाजाराला जायची, तिच्या घेवड्याच्या शेंगा जायच्या. ती दगड उचलून बांधाला ठेवायची आणि घरी यायची. दहा-अकरा वर्षं असंच चाललं होतं.

हे असं का, तर चिमाजीच्या शपथेपायी. गाडी घेतली त्या साली ती भोरातल्या एका मिस्त्रीकडं कामाला टाकली होती. उन्हाळा सरला, पेरण्या झाल्या, तरी गाडी मिळेना. मिळाली तेव्हा तिच्यातला चांगला डिझेल पंप गायब आणि त्याच्या जागी कुणाचा तरी झिजलेला. चिमाजी भांडला. मिस्त्री म्हणाला, "पंप असाच हुता. तुला रं काय कळतंय त्यातलं?" चिमाजीनं एका ट्रकच्या मागं दोर बांधून गाडी ओढत घरी आणली, जांभळीखाली लावली आणि वाडीसमोर सांगितलं, "आजपास्नं ह्या गाडीला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला, तर म्या गाडी जाळीन."

लोक हसले. चिमाजीनं जांभळीच्या फांदीला साखळी टांगून इंजिन उचललं. रतनबाईनं शिवलेली वाकळ खाली अंथरली. जो भाग निघेल तो निघाल्या क्रमानं वाकळेवर मांडायचा, बसवताना उलट्या क्रमानं उचलायचा, हे डोकं रतनबाईचं. लाल ठिगळावर बोल्ट, निळ्यावर वायसर. पहिल्या खेपेला इंजिन बसलं, पण गाडी रडली. दुसऱ्यांदा खोललं, तेव्हा चालली. त्यानंतर चिमाजीनं गिअरबॉक्स उतरवला, स्प्रिंगचे पाटे बदलले, रेडिएटरला डाग दिले. पाना मागितला की रतनबाई न बघता हातात द्यायची, आणि चुकीचा मागितला तरी बरोबरच द्यायची.

सेल्फ मात्र त्यानं कधी खोलला नाही. "लोखंड काय लपवत न्हाई," तो म्हणायचा. "तुटलं तर तुटल्यालं दिसतं. ती सेल्फातली तार बघ. वरनं गुळगुळीत आन आत काय चाललंय कुणाला ठावं." आणि पुढं आवाज चढवून, "उतार हाय न्हवं दाराशी? मंग सेल्फ कशाला पायजे?"

तर दोन हजार चार साली तो उतारच गेला.

सोनबानं वावर विकलं. पानशेतकडं बंगले झाले तसे पुण्याचे लोक इकडंही सरकायला लागले होते. व्यवहार जुळवला चिमाजीच्या पुतण्यानं, सोमनाथनं. जेसीबी आला, दोन दिवसांत उतार खरवडून सपाट केला आणि कडेनं दगडी भिंत उभी राहिली. पिकअप चिमाजीच्या दारात सपाट जमिनीवर उभी राहिली. कोंबड्या हौद्यात जाऊन बसायला लागल्या.

सोमनाथनं त्याच व्यवहारातल्या पैशांतनं नवी जीप काढली होती. तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "तात्या, राग मानू नका. गाडी आता भंगारात घाला. शिरवळचा एक भंगारवाला वळखीचा हाय माझ्या. बाजारची मान्सं म्या नेतो."

चिमाजी टोकदार दगडानं गुडघ्यावरचं ग्रीस खरडत होता. तो खरडतच राहिला.

"आन पुण्याच्या साहेबांना राखणदार पायजे. तुमच्यासाठी शब्द टाकलाय. बसून पगार. खुर्ची बी देत्यात."

"खुर्चीत तू बस," चिमाजी म्हणाला. "आन तुझी जीप पंधरा वर्षं चालवून दाव, मंग ये मला शिकवाया."

"तात्या, मान्सांनी ढकलत न्यायची का काय बाजारी?"

"बाजारच्या दिवशी बगशील."

सोमनाथ हसत गेला. आता बाजाराला जेमतेम आठवडा होता. त्या दिवशी पिकअप उभीच राहिली की बायका सोमनाथच्या जीपमध्ये बसणार, आणि एकदा बसल्या की बसल्या. रतनबाईला ते ठाऊक होतं. चिमाजीलाही होतं, पण तो कबूल करणारातला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ओढ्यातनं दगड आणायला लागला.

"ह्ये काय मांडलंय?" रतनबाईनं विचारलं.

"उतार नेला न्हवं त्यांनी? म्या बांधतो माझा."

तो दगडाचा थर घालायचा, वर माती टाकायचा, धुमसानं ठोकायचा. अंगणात गाडी चढवण्यापुरता डोंगर उठायला लागला. वाडीतले रिकामटेकडे येऊन बसू लागले. कुणी म्हणालं, "चिमाजी, वर एक बुरूज बी बांध." चिमाजी म्हणाला, "बांधतो की. तुला कडेलोट कुठनं करू मंग?"

रतनबाईनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी ती डोंगराच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली.

"अवो, गाडीला डोंगर बांधताया, पन ते मूठभर डबडं उघडाया भ्येताया."

"भ्येतो कोन?"

"तुमी."

चिमाजीनं धुमस खाली ठेवला. "ती तार हाय, रतन. लोखंड न्हाई."

"दिसतंय मला. तुमी डोंगर बांधा. म्या सेल्फ काढते."

"हात लावू नगंस. जळशील."

"बॅटरीचं टर्मिनल आदी काढायचं, व्हय ना? तुमीच शिकिवलंय." आणि ती पदर खोचून गाडीखाली सरकली. चिमाजीला वाटलं, बोल्ट सुटायचे नाहीत. त्यानं कान तिकडंच ठेवून माती ठोकली. पाना दगडावर आपटल्याचे आवाज आले, रतनबाईच्या शिव्या आल्या, आणि थोड्या वेळानं ती सेल्फ पोटाशी धरून बाहेर आली, जशी काही गाडीच बाळंत झाली होती.

तिनं तो गोणपाटात गुंडाळला, पाटीत ठेवला, वर घेवड्याच्या शेंगा टाकल्या आणि सकाळच्या एसटीनं निघाली.

कामथडीला हमरस्त्याच्या कडेला फुरकानचं दुकान होतं, सेल्फ-डायनामोचं, पंचक्रोशीत तेवढं एकच. लेकीकडं जाताना रतनबाई एसटीची वाट बघत त्याच्या पायरीवर बसायची. दाढीत दोन-चार पांढरे केस आलेला, तोंडानं फटकळ माणूस. पाटीतनं निघालेलं गाठोडं बघून तो म्हणाला, "मावशी, घेवड्याला लोखंड धरलं का काय तुमच्या?"

"सेल्फ हाय. खोलायचाय."

"द्या हिकडं. च्या घेईस्तोवर करतो."

त्यानं हात पुढं केला तशी रतनबाईनं पाटी मागं ओढली.

"हात लावू नगंस. नवऱ्यानं शपत घातल्याली हाय, दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागंल तर गाडी जाळीन म्हनून. तू निस्तं सांग. म्या करते."

फुरकान तिच्याकडं बघत राहिला. "अशी शपत असती व्हय? मंग म्या काय बोट दावायचं?"

"बोट दाव. पर लांबनं."

फुरकान हसला, स्टूल ओढून बसला आणि हात पाठीमागं बांधले. "बरं. ते दोन लांब बोल्ट काढा. न्हाई, आदी खूण करा वर, न्हाईतर झाकण उलटं बसंल. मावशी, हळू. तुमी नारळ फोडताय का काय?"

झाकण निघालं. आत काळं पीठ साचलं होतं, ग्रीसचा वाळका थर, आणि एका कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं टुमदार घर बांधलं होतं. रतनबाईनं खिळ्यानं ते उकरून काढलं.

"आता ते कार्बन बगा," फुरकान म्हणाला. "ते चौकोनी काळे तुकडे. मागच्या स्प्रिंगनं फुडं दाबले पायजेत. दाबत्यात का?"

"न्हाई. घट्ट बसल्यात."

"घाण धरली. काढा, पुसा. तुटू दिऊ नका." तो स्टुलावर अर्धा उठला, हात पुढं आला, रतनबाईनं डोळे वटारले, तो परत बसला. "आर रं, हात शिवशिवत्यात माझं. तांब्याचा गोळा दिसतोय ना मधला, त्याच्यावर पॉलिश पेपर फिरवा. तांब्याचं तांबं दिसाया पायजे. हां. पितळंचा तांब्या घासता ना, तसा."

तिनं घासला. रॉकेलच्या चिंधीनं गिअरचा दात पुसला, अडकलेला गिअर पुढंमागं सरकवून मोकळा केला. जोडायच्या वेळी तिनं पदरावर मांडलेले तुकडे उलट्या क्रमानं उचलले. फुरकान ते बघत होता. शेवटी त्यानं बॅटरीच्या दोन जाड तारा तिच्यासमोर सरकवल्या, कुठं टेकवायच्या ते सांगितलं आणि स्टूल मागं घेतलं. रतनबाईनं सेल्फ पायाखाली दाबून धरला आणि तार टेकवली. ठिणगी उडाली. सेल्फ पायाखाली एकदम गरगरला, शेपटीवर पाय पडलेलं मांजर चवताळावं तसा.

"मेला न्हवता व्हय गं बाई," ती म्हणाली. "झोपला हुता."

"घेवडा ठिवून जा," फुरकान म्हणाला. "आन मालकांना सांगा, फुरकाननं बोट सुदिक लावलं न्हाई. पर जीब लई दमली."

ती एसटीतनं उतरून वाडीत शिरली, तर अंगणात माणसं जमलेली. डोंगर पुरा झाला होता. चार गड्यांनी गाडी वर ढकलली होती आणि चिमाजीनं ती सोडूनही दिली होती. डोंगर उंचीला बरा होता, पण लांबीला तोकडा. क्लच सोडायच्या आत उतार संपला. पिकअपनं एक उचकी दिली आणि नाक उकिरड्यात घालून उभी राहिली. सोमनाथ भिंतीवर बसून पाय हलवत होता.

"काकी, बघा, तात्यांनी बाजार गाठला."

रतनबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, "सोमा, उतर भिंतीवरनं. साहेबाची हाय ती, तुझी न्हवं."

गाडी मागं ओढून सपाटीवर घेतली. वाकळ अंथरली. ती गाडीखाली शिरली. चिमाजी बाजूला उभा राहिला. त्याच्या कपाळाला शेण लागलं होतं आणि ते पुसायचं कुणी सुचवलं नव्हतं.

"पाना द्या," खालून आवाज आला.

चिमाजी जागचा हलला नाही.

"अवो, पाना."

"कितीचा?" तो म्हणाला.

"तुमाला ठावं असंल. म्या कदी इचारलं का तुमाला?"

चिमाजीनं पेटीतनं पाना काढला, खाली वाकून तिच्या हातात दिला आणि वाकलेलाच राहिला. "फुरकाननं खोलला व्हय?"

"त्यानं बोट लावलं न्हाई. म्या लावू दिलं न्हाई. तुमची शपत हाय तशीच हाय."

तो आणखी वाकून आत डोकावला. मग म्हणाला, "वरला बोल्ट आदी आट्यात धर. खालचा घट्ट केलास तर वरला बसायचा न्हाई." आणि रतनबाईनं वरचा आधी धरला.

बाजारच्या दिवशी सकाळी सोमनाथची जीप रस्त्यावर येऊन हॉर्न देत होती. बायका पाट्या डोक्यावर घेऊन मध्येच उभ्या होत्या, ना इकडं ना तिकडं. बाळाबाई म्हणाली, "चिमाजीदाजी, चढू का नगं? का ढकलाया लावताया?"

"थांब की," चिमाजी म्हणाला आणि चावी फिरवली.

टक. नुसतंच टक. जीपमधून कुणीतरी हसलं.

रतनबाई सवयीनं पुढच्या चाकापाशी उभी होती, दगड चाकाखाली होता. ती म्हणाली, "टर्मिनल आवळलं का तुमी?"

चिमाजी खाली उतरला, बॅटरीपाशी गेला, पान्यानं एक पीळ दिला आणि परत येऊन बसला. पुन्हा चावी फिरवली. सेल्फ घुरघुरला, इंजिन खोकलं, खोकलं, आणि सपाट जमिनीवर, धक्क्यावाचून, उतारावाचून, पिकअप धडधडायला लागली. कोंबड्या हौद्यातनं उडाल्या. बायका चढायला लागल्या.

चिमाजीनं खिडकीतनं हात बाहेर काढून हलवला. रतनबाईनं दगड ओढला. गाडी जागची हलली नाही, हलायचं कारणच नव्हतं. ती दगड हातात घेऊन उभी राहिली, एकदा बांधाकडं बघितलं, आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन पुढचं दार उघडलं.

"सरका," ती म्हणाली.

"कुठं निगालीस?"

"बाजाराला. इतकी सालं माजी वांगी गेली, आता म्या बघते कोन घेतंय ती."

"आन घरचं?"

"घर कुठं गडगडत जातंय?"

ती बसली. दगड पायाशी ठेवला. चिमाजी दगडाकडं बघायला लागला तशी ती म्हणाली, "नसरापुरात चाकाला काय लावशीला, डोकं? फुडल्या आटवड्यात हँडब्रेकची केबल घालायची. मंग ह्यो चुलीला लावीन."

"केबल म्या घालीन," चिमाजी म्हणाला. "ते लोखंड हाय."

"घाला की. पाना म्या देते."

चिमाजीनं गिअर टाकला. सोमनाथची जीप रस्त्यात आडवी होती. चिमाजीनं हॉर्न दिला नाही, रतनबाईनंच पलीकडनं हात घालून दिला, आणि सोमनाथ बाजूला होईपर्यंत दाबून धरला.