ओटोंचा खडू

पडदा वर जातो. टेक्सासमधल्या अर्विंगची शांत गल्ली, जानेवारीचं कोवळं ऊन, आणि मधोमध शैलजाकाकू, हातात ओलं फडकं. दाराच्या चौकटीवर कोणीतरी खडूनं लिहून गेलं होतं: वर्षाचे आकडे, तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये फुल्या.

"खूण करून गेलेत मेले," काकूंनी मुलाला फोन लावला. "आपल्या लोकांची घरं हेरतायत."

"आई, पुसू नकोस. कॅमेरा चेक करतो."

"पुसलंसुद्धा."

कॅमेऱ्यात दिसले शेजारचे ओटो, ऐंशी ओलांडलेले, स्टुलावर चढलेले. परीक्षित म्हणाला, "कामावरून सुटलो की पोलिसांत कंप्लेंट करतो. तोवर दार उघडू नकोस."

काकूंना संशय होताच. यजमान, मोरेश्वर, गेल्यापासून हा माणूस कुंपणावरून फार बघायचा. परवा तर विचारलंन, मुलगा किती वाजता येतो?

धीर धरवेना. फडकं घेऊनच त्या ओटोंच्या दाराशी गेल्या आणि थबकल्या. त्यांच्याही चौकटीवर तीच अक्षरं, खाली जुन्या वर्षांच्या पुसट रेघा.

"हे काय आहे?" काकूंचा आवाज कडक.

"बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा आशीर्वाद. देव या घराचं भलं करो."

ओटोंनी जन्मभर डॅलसात पाव भाजले, पण वाढले जर्मनीत, बव्हेरियातल्या एका बाजारगावात. नदीच्या वळणातलं गाव, मिठाच्या गाड्यांची जुनी वाट, राजानं दिलेली बाजाराची सनद. प्लेगातून वाचलेल्यांनी नवस फेडायला टेकडीवर बांधलेलं चॅपल. जानेवारीत मुलं राजे बनून घरोघर गात जायची आणि दारांवर हे लिहायची.

"आमचं दार सोडून," ओटो म्हणाले. "महायुद्धानंतर आई मला घेऊन त्या गावात आली होती. निर्वासित, पंथ वेगळा. गावाला आमचा भरवसा नव्हता."

काकूंची फडक्यावरची मूठ सैल झाली. तरी म्हणाल्याच, "विचारायचं तरी."

"काल बेल वाजवली होती. पडदा हलला. दार नाही उघडलं."

काकूंनी तिथूनच फोन लावला. "परीक्षित, ती कंप्लेंट करू नकोस. घरी आलास की सांगते."

मग ओटोंचं स्टूल त्यांनीच उचलून आपल्या दाराशी आणलं. ओटो खडू घेऊन वर चढले.

"घट्ट धरा," ते म्हणाले. "काल धरायला कोणी नव्हतं."